बाहेरचं

वार शनिवार, महिना मार्गशीर्ष, वेळ दुपार कलतानाची. ठिकाण, अंधेरी स्टेशनाबाहेरची भेळेची गाडी. हजर मंडळी: गाडीचा मालक बद्रीप्रसाद, माझी थोरली बहीण कुमुद, जिला मी ताई म्हणते, तिच्या सोबतीला धाडलेली बारा वर्षांची मी, सुमन, आणि बोरीवलीला राहणारा, ऑफिस अर्ध्या दिवसाने सुटल्यावर घरी जाता जाता मध्येच इथे उतरलेला एक चष्मेवाला तरुण. गैरहजर: आई. ही नोंद सगळ्यांत महत्त्वाची, कारण आई हजर असती तर बद्रीप्रसाद सोडून वरच्यापैकी कुणीच हजर नसतं, आणि बद्रीप्रसादचीही खात्री देता येत नाही. साल सांगत नाही. ज्यांना साल हवं असतं त्यांना पुढची गोष्ट नको असते, असा माझा अनुभव आहे.

आम्ही पार्ल्याला राहत होतो. दोन खोल्या, एक गॅलरी आणि त्या सगळ्यावर आईचं राज्य. आई वाईची. तिच्या स्वयंपाकघरात पहाटेपासून स्टोव्हची घरघर चाले, मग खलबत्ता, मग फोडणीची चरचर, आणि या तीन आवाजांवरून आज वार कोणता हे आम्हाला अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं. सोमवारी मुगाची आमटी, मंगळवारी तुरीची, बुधवारी पालेभाजी पातळ, गुरुवारी तीच पालेभाजी परतून. चव उत्तम. तक्रारीला जागा नाही. पण आमच्या घरी जेवण हे नुसतं जेवण नसे, ती एक तोंडी परीक्षा असे. अजून थोडा भात घे. का नको? बरं वाटत नाही का? मघाशी कुठे काही खाल्लंस का? जीभ दाखव. पोटभर जेवलं तर आईला वाटायचं मुलगी हावरी होतेय, कमी जेवलं तर वाटायचं आजारी पडतेय, आणि दोन्हींच्या अगदी मधोमध जेवलं तर वाटायचं काहीतरी लपवतेय. शेवटचं अनुमान शनिवारी बरोबर निघायचं.

घरात सगळ्यांत वाईट शब्द कोणता, असं कुणी विचारलं असतं तर आम्ही दोघींनी एका सुरात सांगितलं असतं, ‘बाहेरचं’. बाहेरचं म्हणजे बाहेर शिजलेलं, बाहेर विकलेलं, बाहेरच्या हाताने कालवलेलं. बर्फाचा गोळा बाहेरचं, उसाचा रस बाहेरचं, इराण्याचा चहा बाहेरचं, शाळेच्या फाटकाशी मिळणारी तिखटमीठ लावलेली बोरं तर बाहेरच्यातली बाहेरची. अण्णा, म्हणजे आमचे वडील, फोर्टातल्या ऑफिसात दुपारी कँटीनचा बटाटावडा खात आणि घरी येऊन तसं सांगतही. ते मात्र बाहेरचं नव्हतं. ते ऑफिसचं होतं. आईच्या कायद्यात पुरुषांसाठी अशा पळवाटा पुष्कळ होत्या आणि त्या तिनेच कौतुकाने ठेवलेल्या होत्या.

एकदा मी आजारातून उठले आणि भेळेसाठी हट्ट धरला, तेव्हा आईने तिच्या परीने तोडगा काढला. घरीच भेळ. तिने कुरमुरे आणवले, निवडले, भाजले, पुन्हा निवडले. शेव घरी पाडली. कांदा पाण्यातून काढला, का तर उग्र नको. हिरवी मिरची वाटली आणि पोटाला बाधेल म्हणून चटणीत घातली नाही. चिंच बाधते म्हणून आमसूल घातलं. मग आम्हाला पाटावर बसवलं, ताटं मांडली, श्लोक म्हणायला लावला, आणि प्रत्येकाच्या ताटात मुदीसारखी ती भेळ वाढून वर चमचा ठेवला. श्लोक संपेपर्यंत कुरमुऱ्यांनी जीव सोडला होता. अण्णांनी एक घास खाल्ला आणि यात दही घातलं तर बरं लागेल, असं म्हणाले. आईने घातलं. एवढं करूनही त्या पदार्थाला आमच्या घरी पुढे कित्येक वर्षं भेळच म्हणत. मला वाटतं, माणसं रस्त्यावर उभी राहून का खातात यावर कुणाला विचार करायचा असेल, तर त्याने सुरुवात त्या ताटापासून करावी. हल्ली माझा नातू मॉलमध्ये हातमोजे घातलेल्या माणसाकडून बाटलीबंद पाण्याची पाणीपुरी खातो आणि फार ऑथेंटिक आहे म्हणतो. मी त्याला काही सांगत नाही. दही घातलेली भेळ खाऊन वाढलेल्या माणसाला दुसऱ्याला हसण्याचा अधिकार नसतो.

तर शनिवार. ताई तेव्हा एकवीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, आणि लग्न ठरेपर्यंत वेळ वाया जाऊ नये म्हणून तिला अंधेरीच्या एका बाईंकडे शिवणाच्या क्लासला घातलेलं. एकट्या मुलीला दुसऱ्या उपनगरात पाठवायचं नाही म्हणून सोबतीला मी. तिला वाटेत कुणी त्रास दिला तर बारा वर्षांची मी नेमकं काय करणार होते, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. क्लास सुटला की आम्ही पार्ल्याकडे चालत निघायचो आणि परतीच्या तिकिटाचे पैसे बद्रीप्रसादच्या गाडीवर खर्च करायचो. अंधेरीच का, तर पार्ल्यात शक्यच नव्हतं. तिथे प्रत्येक खिडकीला आईची एक मैत्रीण होती. हा नियम आम्ही शोधून काढलेला नव्हता, सगळी उपनगरं तो पाळत. पार्ल्याची माणसं अंधेरीला खायची, अंधेरीची मालाडला, आणि बोरीवलीची जिथे उतरता येईल तिथे. आपापल्या स्टेशनवर सगळे सात्त्विक.

आणि त्या गाडीवर एक रिवाज होता, जो कुणी लिहिलेला नव्हता पण मोडलेला मी कधी पाहिला नव्हता. तिथे ओळख दाखवायची नाही. शेजारी सख्खा काका उभा असला तरी नजर पातेल्यावर. शाळेत आम्हाला आहार आणि आरोग्य शिकवणारे मास्तर एकदा माझ्या कोपराला कोपर लावून रगडा खात होते. सोमवारी त्यांनी वर्गात उघड्यावरच्या अन्नाचे तोटे सांगितले, मी ते वहीत उतरवून घेतले, आणि आमच्या दोघांच्याही चेहऱ्यावरची रेष हलली नाही. बद्रीप्रसाद डावाने पातेल्याच्या काठावर टिणटिण करत कुरमुरे, बटाटा, कांदा, शेव आणि तिन्ही चटण्या एकत्र आणायचा, आणि ते चालू असताना त्याच्याभोवतीची दहा माणसं एकमेकांची कुणी नसायची. कुणाची मुलगी नाही, कुणाचा जावई नाही, कुणाचा शिक्षक नाही. अजून घे म्हणणारं कुणी नाही आणि पुरे म्हणणारंही. तिखट किती, एवढा एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर तुम्ही स्वतः द्यायचं. माझ्या आयुष्यात माझं मत कुणीतरी पहिल्यांदा विचारलं ते बद्रीप्रसादने. चटणीत काय असतं ते असो, खरी चव याची असते असं माझं मत झालं आहे.

तो चष्मेवाला तरुण आम्हाला वर्षभर दिसत होता. तो मुकाट्याने यायचा, ‘तीखा जादा’ म्हणायचा, खाताना नाक लाल करायचा आणि जायचा. ताईसुद्धा तीखा जादा. कधीकधी दोघांच्या भेळा बद्रीप्रसाद एकाच पातेल्यात कालवून अर्ध्या अर्ध्या करायचा. त्यांच्यात एक शब्द झाला नाही, एक नजर झाली नाही. रिवाज म्हणजे रिवाज.

त्या शनिवारी खाऊन आम्ही घरी आलो तेव्हा आईने सांगितलं की उद्या सकाळी ताईला बघायला येणार आहेत. बोरीवलीची मंडळी, मूळची मालवणकडची, वडील पूर्वी गिरणीत होते, मुलगा सरकारी ऑफिसात. यात नवीन काही नव्हतं. त्याआधी तीन घरांनी ताईला बघून पोहे संपवले होते आणि नंतर नाही म्हणून कळवलं होतं. ताई आता चौथ्यांदा तोच ट्रे धरायला तयार होती, आणि आपल्याला कुणी आवडावं ही अपेक्षा तिने तोवर सोडूनच दिली होती.

रविवारी दार उघडून आई-वडिलांच्या मागून जो आत आला, तो चष्मेवाला. मी गॅलरीच्या दारात होते. त्याने मला पाहिलं, मग ट्रे घेऊन आलेल्या ताईला पाहिलं, आणि लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागला. ताईनेही पोह्यांवरून नजर उचलली नाही. दोघांनी वर्षभर केलेला सराव त्या दिवशी असा कामी आला की बाकीच्यांना वाटलं, काय हे संस्कार. अण्णांनी त्याला छंद विचारले, तो वाचन म्हणाला. त्याच्या वडिलांनी ताईला विचारले, ती भरतकाम म्हणाली. त्याचं नाव मोहन, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मुलाच्या आईला सगळे माई म्हणत. नऊवारी लुगडं, ठसठशीत कुंकू, बोलायला मोकळ्या. पोहे झाल्यावर त्या उठून सरळ स्वयंपाकघरात आल्या, कारण मुलगी बघायची ती बैठकीत आणि घर बघायचं ते स्वयंपाकघरात. आई चहा गाळत होती, मी कपबशा पुसत होते. बाकी सगळे बाहेर. माईंनी डब्यांची रांग पाहिली, पाण्याचं पिंप पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि आवाज खाली आणून आईला विचारलं, “मुलीला बाहेरचं काही लागलेलं नाही ना?”

मला वाटलं, मुलाने बैठकीतच त्यांच्या कानात सांगून टाकलं.

आई मात्र खुलली. तिच्या आवडीचा विषय निघाला होता. ती म्हणाली, “खरं सांगते, एकदाच लागलं होतं. आठ वर्षांची असेल, वांद्र्याच्या जत्रेत. घरी आणलं तर डोळे पांढरे, अंग तापलेलं, काहीबाही बडबडायला लागली. सासूबाई होत्या म्हणून निभावलं. त्यांनी रात्रभर बसून सगळं बाहेर काढलं.”

माईंनी आईने दिलेला चहाचा कप खाली ठेवला. मग पुन्हा काही झालं का, असं त्यांनी हळूच विचारलं.

“छे. तेव्हापासून माझा पहारा आहे. कधी अमावास्येला, सणावाराला येते तिला लहर. तोंड वेडंवाकडं करते, पाय आपटते. पण मी मुळीच दाद देत नाही. आपोआप शांत होते.”

आई बर्फाच्या गोळ्याबद्दल बोलत होती. अमावास्येला पार्ल्यात बाजार भरायचा आणि तिथे गोळेवाला बसायचा, म्हणून अमावास्या. पण यातला गोळा तिने एकदाही उच्चारला नाही, कारण तिच्या मते बाहेरचं म्हटल्यावर आणखी काय सांगायचं. माईंच्या गावी मात्र बाहेरचं म्हणजे खाणं नव्हे. तिथे बाहेरचं म्हणजे तिन्हीसांजेला पाणवठ्यावरून माणसाच्या मागे लागून घरी येतं ते. अण्णांचं मूळ गाव त्याच बाजूचं, ते असते तर त्यांना तत्क्षणी कळलं असतं. ते बाहेरच्या खोलीत मोहनच्या वडिलांशी धान्याच्या रेशनिंगवर बोलत होते. निघताना माई दारात थांबल्या आणि त्यांनी ताईच्या पावलांकडे बराच वेळ पाहिलं. आई नंतर म्हणाली, पाय बघितले त्यांनी, लक्ष्मीची पावलं बघतात जुनी माणसं. पावलं पुढे आहेत की मागे, ते त्या बघत होत्या.

त्या दुपारी भांडी घासताना ताई मला म्हणाली, “सुमे, तो खाऊन झाल्यावर कागद फेकत नाही. घडी घालून डब्यात टाकतो.” मग राखेने एक पातेलं गरजेपेक्षा जास्त वेळ घासत म्हणाली, “मला हा चालेल.” चार स्थळांत तिने असं प्रथमच म्हटलं होतं. आईने जेवताना तिला दोनदा भात वाढला आणि ताईने तो दोन्ही वेळा निमूट खाल्ला, यावरून आईलाही कळलं.

बुधवारी निरोप आला. अण्णांच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांनी स्थळ सुचवलं होतं, त्यांच्याकडून. पत्रिकेत एक नाडी निघाली, योग नाही. आईने आमच्या जोशीबुवांना पत्रिका आधीच दाखवली होती आणि त्यांनी उत्तम जमते म्हणून दक्षिणाही घेतली होती. तेव्हा नाडीचं कारण खोटं हे घरात सगळ्यांना समजलं. आईने दोन दिवस पोह्यांची चिकित्सा केली. मीठ कमी पडलं का, खोबरं शिळं लागलं का. मला आणि ताईला कारण ठाऊक होतं. वर्षभर शेजारी उभं राहून भेळ खाणाऱ्याने चुगली केली होती. मी स्वयंपाकघरात ऐकलेला प्रश्न ताईला सांगितला होता, आणि दुसरा अर्थ आम्हा दोघींच्याही डोक्यात आला नाही. आम्ही आईच्याच मुली.

शनिवारी क्लास सुटल्यावर मी म्हटलं, सरळ घरी जाऊ. ताई गाडीकडे चालू लागली. तो होता. तीखा जादा. तिने स्वतःचीही सांगितली. बद्रीप्रसाद डाव वाजवू लागला, सगळ्यांच्या नजरा पातेल्यावर, आणि ताई पातेल्याकडेच बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “भेळ खाणारी सून चालत नसेल, तर भेळ खाणारा मुलगा तरी घरात कशाला ठेवलाय?”

डाव थांबला. रिवाज मोडलेला मी त्या दिवशी पाहिला. एक गृहस्थ अर्धी भेळ तशीच घेऊन दिव्याच्या खांबाआड गेले.

मोहनने आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला उद्देशून आहे की काय म्हणून. मग तो म्हणाला, “भेळेचं काय? घरी भेळेचा विषयच निघाला नाही. मी कशाला काढू? मलाही घर आहे.”

“मग नाही का म्हणालात?”

तो चाचरला. चष्मा काढला, पुन्हा घातला. “मी नाही म्हणालो नाही. आई म्हणाली. तिचं म्हणणं, तुम्हाला... म्हणजे तुमच्या आईंनीच तिला सांगितलं म्हणे. बाहेरचं आहे.”

“तेच तर म्हणतेय मी. बाहेरचं म्हणजे ही भेळच ना?”

“नाही हो. बाहेरचं. भूत.”

बद्रीप्रसादला तेवढा शब्द कळला. “भूत? हमारी भेल में?” असं तो दुखावल्या आवाजात म्हणाला. मी तोपर्यंत आईचं स्वयंपाकघरातलं भाषण आठवून शब्दाला शब्द म्हणून दाखवलं, डोळे पांढरे, अंग तापलेलं, अमावास्या, पाय आपटणं. मोहन इतका हसला की त्याला ठसका लागला आणि चटणी नाकात गेली. ताई हसली नाही. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी होती आणि तिला पुढचं दिसलं होतं. भूत उतरवायचं तर बोरीवलीला जाऊन कुणीतरी सांगायला हवं होतं की बाहेरचं म्हणजे खाण्याचं. आणि हे मोहनला ठाऊक कसं, तर मुलगी दर शनिवारी अंधेरीला उभी राहून खाते म्हणून. ते माईंनी उद्या आईला विचारलं की क्लास बंद, शनिवार बंद, आणि पाचवं स्थळ येईपर्यंत ताई घराबाहेर पडत नाही. मोहनलाही ते उमगलं असावं. तो गंभीर होऊन म्हणाला की घरी दुसरं काहीतरी सांगून बघतो.

ताई म्हणाली, “दुसरं काही नको. मी भेळ खाते म्हणून सांगा. भुतापेक्षा भेळ बरी.”

तो आठवडा ताईने शिवणयंत्रावर काढला. दारावर थाप पडली की तिची सुई थांबायची. आई म्हणायची, नकार काय पहिल्यांदा आलाय का, एवढं मनाला लावून घेऊ नकोस.

पुढच्या शनिवारी आम्ही गाडीपाशी पोचलो तर मोहन आधीच उभा होता, आणि त्याच्या शेजारी, नऊवारी, ठसठशीत कुंकू, हातात कापडी पिशवी, साक्षात माई. मी ताईच्या मागे झाले. माईंनी पुन्हा एकदा ताईची पावलं पाहिली. चपला समोरच होत्या. त्या ना रागावल्या ना हसल्या, फक्त म्हणाल्या, “खा. मी बघतंय.”

लग्नासाठी मुलींना काय काय करून दाखवावं लागायचं त्या काळी. गाणं म्हण, सुईत दोरा ओव, चालून दाखव. माझी बहीण बहुधा एकटीच, जिला भेळ खाऊन दाखवावी लागली. बद्रीप्रसादने त्या दिवशी तीखा इतका जादा केला की मला नुसत्या वासाने शिंक आली. ताईने चपट्या पुरीने पहिला घास घेतला, दुसरा घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, ती थांबली नाही. निम्मी संपली तेव्हा माई एक पाऊल पुढे झाल्या आणि त्यांनी हात पसरला. “माका दी त्यातला.”

माईंच्या गावची समजूत अशी होती की बाहेरचं लागलेलं माणूस आपल्या हातातलं कधी कुणाला देत नाही. हे मोहनने आम्हाला खूप नंतर सांगितलं. तेव्हा आम्हाला एवढंच कळत होतं की ताईच्या हातात तिचं उष्टं होतं. आमच्या घरी उष्टं म्हणजे बाहेरच्याच्याही वरचं पाप. थोरल्या माणसाला, परक्या माणसाला, होऊ घातलेल्या सासूला उष्टं द्यायचं? मी तिचा पदर ओढून कुजबुजले की दुसरी सांग, नवी सांग. ताईने पदर सोडवून घेतला. अर्ध्या खाल्लेल्या भेळेतून स्वतःच्याच पुरीने एक मोठा घास उचलला आणि माईंच्या तळहातावर ठेवला.

माईंनी तो तोंडात टाकला. बराच वेळ चावला. बद्रीप्रसादसकट आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होतो.

“तिखट कमी आसा गो,” त्या म्हणाल्या. मग बद्रीप्रसादकडे वळून, “येक माका. ह्याच्यापेक्षा तिखट.”

त्यांनी ती उभ्याने संपवली, कागद मोहनच्या हातात दिला, पदराने तोंड पुसलं आणि ताईच्या गालावरून हात फिरवला. जाताना मला बाजूला घेऊन शब्द घेतला. “तुझ्या आवशीक ह्यातला काय सांगू नको हां. विहीण रस्त्यार उभी रवान भेळ खाता म्हणान कळला, तर माझी काय किंमत रवतली?”

त्यानंतरचं सगळं शिस्तीत झालं. बोरीवलीहून निरोप आला की दुसऱ्या ज्योतिषाला पत्रिका दाखवली, नाडीचा दोष नाही. आमचे जोशीबुवा म्हणाले, मी काय सांगत होतो. आई म्हणाली, पोह्यांत मीठ बरोबरच होतं. वैशाखात लग्न झालं. माई आणि आई पुढे तीस वर्षं एकमेकींकडे जेवल्या, आग्रह करकरून वाढलं, आणि बाहेरचं खाणं किती वाईट यावर दोघींचं कधी दुमत झालं नाही. ताई आणि भाऊजी लग्नानंतर एकदाच जोडीने बद्रीप्रसादच्या गाडीवर गेले. भेळ पूर्वीसारखी नव्हती म्हणाले. बद्रीप्रसादने काहीच बदललं नव्हतं. आता ते एकमेकांचे कुणीतरी होते, एवढाच काय तो फरक.

माई गेल्या, अण्णा गेले. आई आता माझ्याकडे मुलुंडला असते, कान शाबूत, दात बरेचसे शाबूत, मतं सगळी शाबूत. नाती-पणत्यांना ती अजून ताईचा दाखला देते. कुमुद बाहेरच्याला कधी शिवली नाही म्हणून तिला असं घर मिळालं. ताई समोर असली तर मान खाली घालते, आणि बघणाऱ्यांना तो विनय वाटतो. खरं काय ते आईला सांगायचं, हे आम्ही दोघींनी कितीदा ठरवलं. ताईचं पहिलं बाळंतपण होऊ दे, मग. अण्णा रिटायर होऊ देत, मग. माई असेपर्यंत त्यांना शब्द दिलेला. माई गेल्यावर ते कारणही उरलं नाही. मग आमच्या लक्षात आलं की भेळेचं आई एक वेळ पोटात घालेल. नातवाच्या लग्नात तिने चाट काउंटरवर दोन शेवपुऱ्या खाल्ल्या आहेत, हॉलमधलं बाहेरचं नसतं म्हणून. अडचण वेगळी आहे. तिच्या तोंडच्या चार वाक्यांनी तिच्या मुलीचं लग्न मोडत आलं होतं, हे तिला माहीत नाही.

मागच्या रविवारी ताई आणि भाऊजी आले होते. आई पेपर पसरून मटार सोलत बसली होती. या वेळी मी सांगायचं असं फोनवर नक्की झालेलं. मी तिच्याजवळ बसले, चार शेंगा हातात घेतल्या आणि विचारलं, “आई, ताईला बघायला आले होते तेव्हा माईंनी स्वयंपाकघरात तुला काय विचारलं होतं, आठवतं का गं?”

“न आठवायला काय झालं? मुलीला बाहेरचं काही लागत नाही ना, म्हणाल्या. आणि मी एवढंसुद्धा लपवलं नाही. जत्रेतलंसुद्धा सांगितलं. दुसरी एखादी आई असती तर गप्प बसली असती.” तिने ताईकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं, आणि इतकं तृप्त हसली की ते मी तिच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिलं असेल. “खरं सांगितलं, म्हणून जमलं.”

भाऊजी चष्मा पुसू लागले. ताई सोललेल्याच शेंगा पुन्हा सोलू लागली. दोघं माझ्याकडे बघत होते.

“हो,” मी म्हटलं. “म्हणूनच जमलं.” आणि उठून चहाचं आधण ठेवलं.

सांगायचं राहिलंच आहे.